शेपूटवाला जी

बंबाला मी पास केलं होतं. वीसपैकी अठरा गुण, खाली माझी सही, आणि सहीच्या वर छापील वाक्य: 'कामाच्या जागेवरील पाट्या वाचून त्याप्रमाणे वागू शकतो.' त्याचा मेहुणा टाकीत जिवानिशी गेला, त्यानंतर तो कागद कारखान्याच्या साहेबांनी फाइलीतून काढून सगळ्यात वर ठेवला. चौकशीत मला एवढंच विचारणार होते, की हे वाक्य खरं आहे का.

खरं आहे म्हटलं, तर बंब तुरुंगात जाणार होता. खोटं आहे म्हटलं, तर माझी सही खोटी. संध्याकाळी जपाला बसायच्या आधी दिवसभरात काय खोटं बोलले ते आठवायचं, असा माझा बऱ्याच वर्षांचा नेम आहे. ती सही केली त्या संध्याकाळी मला काहीही आठवलं नव्हतं. मी सुखानं जपाला बसले होते.

कारखाना कापड रंगवण्याचा. दोन पुरुष उंचीच्या सहा पोलादी टाक्या, त्यांना वाफेच्या आणि उकळत्या रंगाच्या नळ्या, आणि नळ्यांवर बसची स्टिअरिंगं असावीत तशी लोखंडी चाकं. ही चाकं फिरवणं बंबाचं काम. पोट सुटलेलं, अंग कायम तापलेलं, म्हणून बंब. त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ तिथंच टाक्या धुवायला होता. तो काडी. टाकीच्या वरच्या झाकणातून खांदे न घासता आत उतरणारा तो एकटाच. दोन लेकरांचा बाप झाला तरी अंगावर मांस म्हणून धरलं नाही.

कामगार चार मुलखांतले, चार भाषांचे. नवीन साहेब आले आणि म्हणाले, पाट्या इंग्रजीत लावू, म्हणजे कुणाचीच भाषा नको नि कुणाचा रुसवा नको. त्यासाठी आठवड्यातून दोन दुपारी, पाळी सुटल्यावर, कँटीनच्या बाकांवर मी त्यांना शिकवायला लागले. निळ्या-जांभळ्या हातांची पंचवीस माणसं. पेन्सिलीसुद्धा निळ्या व्हायच्या.

त्यांना सगळं इंग्रजी नको होतं. पाट्यांपुरतं हवं होतं, आणि पाट्यांवर सारी क्रियापदंच होती. फक्त क्रियापदाचं काम सोडून विशेषणाचं काम करणारी. मी फळ्यावर लिहिलं, बॉइलिंग वॉटर आणि बॉइल्ड वॉटर.

"उकळ हे क्रियापद," मी म्हटलं. "पण इथं ते पाण्याला चिकटून बसलंय आणि पाणी कसलं ते सांगतंय. आपणही असंच करतो की. उकळतं पाणी, उकळलेलं पाणी. शेवटी इंग असेल तर चाललंय. शेवटी ड असेल तर झालं."

"म्हणजे बाई," काडी म्हणाला, "बायको चिडती आणि बायको चिडलेली."

"तुझी कुठली?"

"माझी दोन्ही पाट्या लावून बसती."

सगळे हसले. बंबही हसला, जरा उशिरा. तो नेहमी दुसऱ्यांकडे बघून हसायचा. त्याला उभं करून मी विचारलं, कंटाळा आलाय हे इंग्रजीत कसं सांगशील? तो छाती काढून म्हणाला, "आय अ‍ॅम बोरिंग."

"खरं बोलले भावोजी!" काडी ओरडला. "बाई, ह्यांना पैकीच्या पैकी द्या. ताईला विचारा हवं तर."

"गप रे चोंबड्या."

"अहो, कंटाळलेले बोर्ड. कंटाळा आणणारे बोरिंग. तुम्ही दुसऱ्या पाटीतले."

मला तेव्हा वाटलं, वर्ग छान चाललाय.

बंब शाळेत गेलाच नव्हता. अक्षरं त्याला येत नव्हती, आणि पन्नाशीला आलेला माणूस ती गोष्ट ज्या चतुराईनं लपवतो त्या चतुराईनं तो लपवायचा. चष्मा घरी राहिला, हात ओले आहेत, आधी तुम्ही म्हणा मग मी म्हणतो. मी घरी पुठ्ठ्याचे पत्ते तयार केले होते. एकेका पत्त्यावर एक शब्द, माझ्या हातचा, स्मॉल लिपीतला. ते दोन ढिगांत लावायचे: चाललेल्यांचा ढीग, झालेल्यांचा ढीग. पहिले पंधरा दिवस बंबाचे ढीग म्हणजे नुसता गोंधळ. मग एका दुपारी त्यानं सगळे पत्ते झटाझट बरोबर लावले आणि माझ्याकडे असं बघितलं, की मलाच भरून आलं.

"कसं जमवलंस रे?"

तो हळूच म्हणाला, "बाई, शेपूट. शेवटच्या अक्षराला खाली शेपूट लोंबतंय, तर काम चाललंय. शेपूट नाही, तर झालं."

स्मॉल लिपीतला जी. मी हसले. म्हटलं, "चालेल. शेपटीला धरून का होईना, वाटेला लागलास." तेव्हा ते मला हुशारीचं वाटलं. चाचणीत त्याचे दोनच पत्ते चुकले. डाइड म्हणजे रंगवलेलं, आणि एम्प्टीड म्हणजे रिकामं केलेलं. दोन्ही झालेले शब्द त्यानं चाललेल्यांत टाकले, कारण त्या दोन्ही शब्दांच्या पोटात शेपूटवाली अक्षरं आहेत. तो शब्द वाचत नव्हता. शेपूट शोधत होता. ते दोन पत्ते माझ्या हातात होते, लाल पेन्सिलीच्या फुल्या मीच मारल्या, आणि तरी त्यातला धोका मला दिसला नाही. चाचणीत नापास होणाऱ्याला चाकांवरून काढून गाठोडी उचलायला लावणार, असं साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. अठरा म्हटल्यावर बंबानं माझ्या पायांना हात लावला. मी मागे सरकले, पण मला आवडलं होतं. हेही आता सांगितलेलं बरं.

पाट्या महिन्याभरानं आल्या. पिवळ्या पत्र्याच्या, सगळ्या एकाच मापाच्या, वर काळी ठसठशीत अक्षरं. शब्द मीच लिहून दिले होते. 'क्लीनिंग टँक' लिहिताना माझी पेन्सिल अडखळली होती, कारण खरं बघता त्याचा अर्थ धुण्याची टाकी असा होतो, किंवा धुणारी टाकी. टाकी बिचारी काय धुणार? ती धुतली जातेय, आणि धुणारा आत आहे. मी साहेबांना तसं म्हटलंही.

"मॅडम, पाटी एवढीशी आहे," ते म्हणाले. "त्यात माणूस कुठं बसवू?" शेवटी टँकही बसला नाही; पाट्यांवर नुसतं 'क्लीनिंग' नि 'क्लीन्ड' राहिलं.

पाट्यांचं खोकं मी फाटकाजवळ बघितलं. छान दिसताहेत म्हटलं आणि पुढे गेले. सगळी अक्षरं कॅपिटल होती. कॅपिटल जीला शेपूट नसतं.

पाट्या लागण्याआधी तिथं वेगळी रीत होती. जो टाकीत उतरेल त्यानं आपला शर्ट त्या टाकीच्या चाकावर अडकवायचा. शर्ट असेल तर आत माणूस. बाहेर आल्यावर तो स्वतःच शर्ट घालणार. कुणी शिकवलेली नव्हे, कुणी लिहिलेली नव्हे. साहेबांनी ती बंद केली. म्हणाले, बघायला पाहुणे येतात आणि यंत्रांवर घामेजलेले कपडे वाळत घातलेले, हे काय दिसणं झालं?

त्या दिवशी सकाळी काडी तीन नंबरच्या टाकीत उतरला. चाकावर पाटी लावलेली होती, आणि बरोबर पाटी लावलेली होती: क्लीनिंग. झाकणापाशी वर एक माणूस उभा ठेवायचा नियम आहे. त्याला कुणीतरी मालाची गाडी आली म्हणून खाली बोलावलं. बंब आला, त्यानं पाटी बघितली. शेवटच्या अक्षराला शेपूट नव्हतं. त्यानं चाक फिरवलं.

बाकीचं मी लिहीत नाही. आतून टाकीवर तीनदा ठोकल्याचा आवाज आला, एवढं बंबानंच नंतर सांगितलं. तिसऱ्या ठोक्याला त्याच्या लक्षात आलं, की हा नळीचा आवाज नाही.

आठ दिवसांनी साहेबांनी मला बोलावलं. चहा मागवला, खुर्ची ओढून दिली.

"मॅडम, तुम्हाला त्रास नको म्हणून आधीच सांगतो. एका शब्दाचं काम आहे. तुम्ही शिकवलंत, चाचणी घेतलीत, तो पास झाला. त्याला फरक कळत होता. हो म्हणायचं आणि घरी जायचं."

"आणि बंब?"

"त्याची चूक त्याच्यापाशी. पाटी बरोबर होती ना?"

"पाटी बरोबर होती," मी म्हटलं.

"मग झालं तर. तुमची शिकवणीही बरोबर होती. उगाच स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेता?"

मी चहा घेतला नाही. त्या दिवशी उपास होता, पण साहेबांना ते वेगळं वाटलं असणार. ते एकदम उठले आणि म्हणाले, "विचार करा. इतक्या वर्षांचं तुमचं नाव आहे."

मी विचार करत नव्हे, भीत भीत घरी आले. सही खोटी ठरली की पुन्हा कुणी मला फळ्यासमोर उभं करणार नव्हतं, आणि मला दुसरं काही येत नाही.

बंबाच्या घरी गेले तेव्हा दुपार होती. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बंब भिंतीला टेकून, आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर त्याची बायको. दोघांच्या मध्ये धुतलेल्या भांड्यांची टोपली. मी आले म्हणून कुणी उठलं नाही.

"बाई, तुम्ही मला येत होतं असंच सांगा," बंब म्हणाला. त्याचं पोट उतरलं होतं. शर्ट दुसऱ्या कुणाचा घातल्यासारखा लोंबत होता. "मला येत होतं. मी बघितलंच नाही नीट. शिक्षा होऊ दे."

"तुला येत नव्हतं," मी म्हटलं. "तू शेपूट बघत होतास. मला ठाऊक होतं."

बायकोनं मान वर केली. "कसलं शेपूट?"

मी तिला सांगितलं. पिशवीतून पत्ता काढून स्मॉल जी दाखवला, मग भिंतीवरच्या कॅलेंडरावर कॅपिटल जी. ती चार इयत्ता शिकलेली. तिला लगेच कळलं. तिनं नवऱ्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडेच बघत राहिली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं ह्यांना वाचता येत नाही."

"हो."

"आणि पास केलंत."

"हो."

"का?"

उत्तर माझ्याकडे होतं. दया आली, कौतुक वाटलं, पायांना हात लावला. त्यातलं एकही त्या खोलीत बोलण्यासारखं नव्हतं.

"मी चौकशीत खरं सांगणार आहे," एवढंच म्हटलं.

"सांगा," ती म्हणाली. "माझा भाऊ काही त्यानं परत येत नाही, पण सांगा."

चौकशी दोन महिन्यांनी झाली. सरकारी इमारतीचा दुसरा मजला, लांब टेबल, त्यामागे चौकशी अधिकारी. उन्हाची तिरीप फाइलींवर पडली होती आणि ते ती सारखी हातानं बाजूला करू बघत होते. एका बाजूला साहेब आणि त्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला बंब. बायको बाहेर बाकावर.

मी सगळं सांगितलं. शेपूट, पत्ते, चुकलेले दोन शब्द, कॅपिटल अक्षरं. सही मी डोळे झाकून केली, असंही सांगितलं. साहेब छताकडे बघत होते.

"हे पत्ते तुमच्या हातचे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो."

वकील म्हणाले, "काल संध्याकाळी लिहिले असतील तरी कळणार नाही."

"माझ्या तोंडून खोटं—" मी सुरुवात केली. माझा आवाज मुळात बारीक. कुणाला ऐकू गेला नाही.

"सोपं आहे," अधिकारी म्हणाले. त्यांनी पिशवीतून तीच पिवळी पाटी काढली, पुराव्याची चिठ्ठी लावलेली, आणि बंबासमोर धरली. "वाचता येतं?"

मी निर्धास्त होते. आता त्याला वाचता येणार नाही, आणि ते सगळ्यांना दिसेल.

बंबानं पाटीकडे बघितलं. "सी, एल, ई, ए, एन, आय, एन, जी," तो म्हणाला. "क्लीनिंग. म्हणजे धुणं चाललंय. म्हणजे आत माणूस आहे."

अधिकाऱ्यांनी दुसरी पाटी धरली.

"क्लीन्ड. धुऊन झालेली. शेवटी ई, डी."

"बाई," अधिकारी माझ्याकडे वळले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, कीव होती, आणि ती मला जास्त लागली. "तुम्ही म्हणालात याला वाचता येत नाही."

"तेव्हा येत नव्हतं."

"मग कधी आलं?"

मी बंबाकडे बघितलं. तो म्हणाला, "साहेब, मला पहिल्यापासून येत होतं. बाईंनी चांगलं शिकवलंय."

साहेबांच्या वकिलांनी पेनाला टोपण घातलं. अधिकारी म्हणाले, लिहून घेतो, तुम्ही सगळे बाहेर थांबा.

बाहेर बाकावर त्याची बायको होती. तिनं आमचे चेहरे बघितले. "काय झालं?"

"त्यानं वाचलं," मी म्हटलं. "कॅपिटल. अक्षर न् अक्षर."

ती बसल्या जागी अशी खचली, की मला वाटलं बाकच मोडला. मग तिनं बंबाला नव्हे, मला सांगितलं. तुम्ही येऊन गेलात ना बाई, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. रोज सकाळी, कामं आटपली की ती त्याला समोर बसवायची. पाटीवरचा शब्द तिनं पेपरातल्या फोटोवरून उतरवून घेतला होता. वाच, म्हणायची. माझा भाऊ कुठल्या शब्दानं मेला तो वाच. त्याला जमायचं नाही. मग एकेक अक्षर. जेवायला वाढायच्या आधी वाच. पाणी द्यायच्या आधी वाच. दोनदा त्याला उलटी झाली. ती पुसून पुन्हा बसवलं.

"शिकवायचं म्हणून नाही हो," ती म्हणाली. "मला फक्त ह्यांच्या तोंडून ऐकायचं होतं."

बंब खाली जमिनीकडे बघत होता. "तू गप बस," तो म्हणाला. "मला व्हायची ती शिक्षा होऊ दे."

"शिक्षा मी दिली की तुम्हाला," ती म्हणाली. "अजून किती जणांकडून घेताय?"

ती उठली. शिपायानं हात आडवा केला, "साहेब लिहितायत, आत जाऊ नका." ती त्याच्या हाताखालून वाकून गेली. मी दारात पोचले तेव्हा ती टेबलासमोर उभी होती.

"तुम्ही कोण?" अधिकारी विचारत होते.

"मेलेल्याची बहीण."

"यादीत तर तुम्ही चाकवाल्याची बायको आहात."

"तीही आहे. पण बहीण आधी." ती थांबली. "म्हणून मी ह्यांच्या बाजूनं खोटं बोलेन असं समजू नका. मला ह्यांचं तोंड बघवत नाही. पण ह्यांना वाचता येत नव्हतं. ते मी शिकवलं. कसं शिकवलं तेही सांगते, लिहून घ्या."

अधिकाऱ्यांनी बसायला सांगितलं. ती उभीच राहिली. पाण्याचं, जेवणाचं, उलटीचं, सगळं तिनं त्या लांब टेबलासमोर, वकिलांदेखत सांगितलं, आणि शेवटी पदराच्या गाठीतून घडी घातलेले कागद काढून ठेवले. बंबाच्या हातचे. पहिल्या कागदावर नुसते फराटे होते. शेवटच्या कागदावर तोच शब्द चाळीस वेळा, ओळीत.

निकाल तीन आठवड्यांनी आला. चाकावरचा कामगार घटनेच्या दिवशी निरक्षर होता. पाट्या आणि देखरेख सदोष होती. प्रमाणपत्र निष्काळजीपणे दिलं गेलं होतं. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. साहेबांची बदली झाली. बंब तुरुंगात गेला नाही; त्याला गाठोडी उचलायला लावलं. माझा वर्ग बंद झाला आणि दुसरा कुणी दिला नाही. त्या निकालपत्राबद्दल मी कधी कुणाशी वाद घातला नाही. संध्याकाळी जपाला बसायच्या आधी ती सही रोज आठवते. ती आठवून संपत नाही.

परवा त्याची बायको रस्त्यात भेटली. मी विचारलं, घरी कसं चाललंय?

"बोलतो आम्ही," ती म्हणाली. "कामापुरतं."

"आणि तो?"

"त्यांना आता सगळीकडे तीच तीन अक्षरं दिसतात बाई, आय, एन, जी. पार्किंगची पाटी, बिल्डिंगची पाटी, कपडे शिवणाऱ्याच्या दुकानावरची. कुठंही शेवटी ती दिसली, की उभे राहतात आणि आत कोण आहे बघायला लागतात. लोक हसतात."

"मग तू काय करतेस?"

"काय करणार? हात धरते आणि ओढत नेते," ती म्हणाली. "नाहीतर हलतच नाहीत."